परदेशी बँक आणि आपलं कोर्ट: वाचकांचे प्रश्न

यावेळच्या टपालात परदेशी बँका आणि फौजदारी खटले या विषयाची पत्रं जास्त निघाली. निम्मी नुसती चिडून लिहिलेली होती, ती बाजूला ठेवली. उरलेल्यांपैकी पाच जणांना इथे उत्तर देते. पत्रलेखकांची नावं छापत नाही.

वकीलताई, आमचा बेदाण्याचा व्यापार आहे. सौद्यात माल घेतो, प्रतवारी करून दुबईच्या खरेदीदाराला कंटेनर पाठवतो. त्याची बँक युरोपातली. या खेपेचे पैसे तीन आठवडे झाले तरी जमा नाहीत. आमच्या बँकेतले साहेब म्हणतात, न्यूयॉर्कला अडकलेत, तिथली बँक चौकशी करतेय. बँक युरोपची, गिऱ्हाईक दुबईचं, माल तासगावचा. अमेरिकेने यात तोंड घालायचं कारण काय? आणि असल्या बँकांवर ते खटले भरतात म्हणे. कुठल्या अधिकारात? (तासगाव)

सौदा डॉलरमध्ये ठरवलात ना, तिथेच अमेरिका मध्ये आली. दुबईहून डॉलरच्या नोटा विमानाने येत नाहीत. त्याच्या बँकेचं आणि तुमच्या बँकेचं न्यूयॉर्कमधल्या कुठल्यातरी बँकेत खातं असतं. एका खात्यातून रक्कम वजा होते, दुसऱ्यात जमा होते, तेव्हा तुमच्याकडे मेसेज वाजतो. कोल्हापूरहून पुण्याला निघालेल्या ट्रकला जसा तासवड्याचा आणि आनेवाडीचा टोलनाका चुकत नाही, तसं मोठ्या डॉलर व्यवहाराला बहुतेक वेळा न्यूयॉर्क चुकत नाही. आणि या नाक्यावर नुसती पावती फाडत नाहीत, गाडीत काय भरलंय तेही विचारतात.

अधिकार येतो तो इथून. बँक कुठल्या देशाची आहे हे तिथलं कोर्ट विचारत नाही. गुन्ह्याचा काही भाग आमच्या हद्दीत घडला का, एवढंच विचारतं.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण फ्रान्सच्या बीएनपी पारिबा बँकेचं. सुदान, इराण आणि क्यूबा या देशांवर अमेरिकेचे निर्बंध असताना या बँकेने तिथल्या ग्राहकांचे अब्जावधी डॉलर न्यूयॉर्कमार्गे फिरवले. फिरवताना संदेशातून त्या ग्राहकांची नावं गाळली, म्हणजे न्यूयॉर्कच्या यंत्रणेला पत्ता लागू नये. २०१४ साली बँकेने अमेरिकी कोर्टात गुन्हा कबूल केला आणि ८.९७ अब्ज डॉलर भरले. आता गंमत बघा, क्यूबाशी व्यवहार करू नका असं फ्रान्सचा कायदा कुठेच सांगत नव्हता. फ्रान्सच्या अध्यक्षांनी ओबामांना पत्रही लिहिलं, दंड फार होतोय म्हणून. त्यात दादागिरी दिसते असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. पण नावं गाळली ही गोष्ट उरतेच. व्यवहार सरळ असेल तर ग्राहकाचं नाव लपवायची वेळ येत नाही.

तुम्ही म्हणाल, बीएनपीची अमेरिकेत शाखा तरी होती. मग स्वित्झर्लंडची वेगेलिन बँक घ्या. १७४१ सालची, त्या देशातली सर्वांत जुनी. स्वित्झर्लंडबाहेर तिची एकही शाखा नव्हती. अमेरिकी करदात्यांचे पैसे लपवायला मदत केल्याचा आरोप तिच्यावर आला. अमेरिकेतलं तिचं अस्तित्व म्हणजे कनेक्टिकटमधल्या स्टॅमफर्ड गावी दुसऱ्या स्विस बँकेकडे असलेलं एक खातं. तेवढं पुरलं. जानेवारी २०१३ मध्ये तिने गुन्हा कबूल केला आणि धंदा गुंडाळला. पावणेतीनशे वर्षांचं दुकान एका खात्यापायी बंद झालं.

आता तुमच्या पैशाचं. पत्रासोबत स्विफ्टची, म्हणजे बँकांमधल्या पैसे धाडल्याच्या संदेशाची, प्रत जोडलीत ते फार बरं केलंत, ती जुन्या एमटी १०३ नमुन्यातली आहे. ५० क्रमांकापुढे पैसे धाडणारा, ५६ पुढे मधली बँक, ५९ पुढे तुमच्या फर्मचं नाव. हे सगळं ठीक. ७० क्रमांकापुढे पैसे कशाचे ते लिहायचं असतं. तिथे तुमच्या खरेदीदाराने ‘गुड्स’ एवढा एकच शब्द टाकलाय. दुबईहून निघालेली मोठी रक्कम आणि कारण काय, तर ‘माल’. दुबईतून इराणशी व्यापार चालतो हे न्यूयॉर्कच्या बँकेतल्या पोराला पाठ असतं. तो फाइल थांबवणार नाहीतर काय करणार? बीएनपीचं झाल्यापासून तर तो जास्तच घाबरतो.

इनव्हॉइस, बिल ऑफ लेडिंग आणि शिपिंग बिल यांच्या प्रती आपल्या बँकेमार्फत आजच पाठवा. माल कुठल्या बंदरात उतरला हे बिल ऑफ लेडिंगवर असतं, चौकशीचा निम्मा भाग त्यातच मिटतो. पुढच्या खेपेपासून खरेदीदाराला सांगा की त्या रकान्यात इनव्हॉइस नंबर, ‘ड्राइड ग्रेप्स’ आणि एचएस कोड, म्हणजे मालाचा प्रकार सांगणारा आकडा, ०८०६२० लिहायचा. आणि त्याने कधी ‘आपलं नाव नको टाकूया, दुसऱ्याच फर्मच्या नावाने पैसे पाठवतो’ असं सुचवलं, तर बेदाणा शीतगृहातच राहू द्या. दर पडला तरी चालेल.

मॅडम, मी साताऱ्यात एलएलबीला आहे. सर शिकवताना म्हणाले, कंपनीला ना देह ना मन. मग परदेशी बँकेवर फौजदारी खटला हा नुसता देखावा नाही का? तुरुंगात घालणार कुणाला? (सातारा)

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयातच लढवला गेलाय आणि लढवणारी होती एक परदेशी बँक. स्टॅण्डर्ड चार्टर्ड विरुद्ध अंमलबजावणी संचालनालय, निकाल ५ मे २००५, पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ. तुम्ही मूळ निकालच वाचा, गाइडमधला सारांश नको.

लंडनची ही बँक १८५८ पासून आपल्याकडे आहे. परकीय चलनाच्या १९७३ च्या फेरा कायद्याखाली तिला नोटिसा निघाल्या. त्या कायद्याच्या ५६ व्या कलमात शिक्षा अशी होती: रक्कम एक लाखाच्या वर असेल तर किमान सहा महिने कैद आणि दंड, दोन्ही. एक लाखाच्या आत असेल तर कैद किंवा दंड किंवा दोन्ही. बँकेचे वकील म्हणाले, मोठ्या रकमेसाठी कैद सक्तीची आहे. बँकेला कैद करता येत नाही. अर्धीच शिक्षा द्यायचा अधिकार कोर्टाला नाही. जी शिक्षा देताच येत नाही तिच्यासाठी खटला तरी कशाला चालवायचा? युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, कारण दोनच वर्षं आधी, २००३ मध्ये, वेलिअप्पा टेक्सटाइल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जवळपास हेच मान्य केलं होतं.

घटनापीठाने तीन विरुद्ध दोन मतांनी ते फिरवलं. न्या. के. जी. बालकृष्णन यांनी बहुमताचा निकाल लिहिला. बँकेचं ऐकलं तर निघतं काय बघा: नव्वद हजारांचा घोळ करणाऱ्या कंपनीवर खटला चालेल आणि नव्वद कोटींवाली सुटेल. संसदेच्या मनात असलं काही असणं शक्य नाही. म्हणून कैद शक्य नसेल तिथे दंड ठोठावा, पण खटला चालवा. अल्पमतात न्या. बी. एन. श्रीकृष्ण होते. त्यांचं म्हणणं, कायद्यात भोक असेल तर ते संसदेने बुजवावं, फौजदारी कायद्यातले शब्द कोर्टाने बदलू नयेत. खरं सांगू? शिस्त मला अल्पमताची पटते, आणि निकाल मात्र बहुमताचा लागला हेच बरं झालं असं वाटतं. हे दोन्ही एकदम कसं वाटू शकतं ते परीक्षेत लिहू नका, मार्क जातील.

एक जपा. या निकालात बँक दोषी ठरली नाही. खटला चालवता येतो का, एवढाच मुद्दा होता. वर्तमानपत्रं हा फरक विसरतात, वकिलाने विसरू नये.

आता ‘मन नाही’ हा भाग. आयरिडियम इंडिया विरुद्ध मोटोरोला, २०१०. मोटोरोला अमेरिकेची. तक्रार अशी होती की सॅटेलाइट फोनच्या प्रकल्पाचं खोटं चित्र रंगवून भारतीय वित्तसंस्थांना पैसे गुंतवायला लावले. फिर्याद दाखल झाली पुण्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे, म्हणजे आपल्या शेजारीच. मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा उभी केली. कंपनीचा कारभार ज्यांच्या मुठीत असतो त्यांचा हेतू तो कंपनीचा हेतू, म्हणून फसवणुकीसारख्या गुन्ह्यातही कंपनी आरोपी होऊ शकते, असं सांगितलं. उलट बाजूही लक्षात ठेवा: सुनील भारती मित्तल विरुद्ध सीबीआय, २०१५. कंपनी आरोपी आहे एवढ्यावरून संचालकाला आपोआप पिंजऱ्यात उभं करता येत नाही. एकतर कायद्याने तसं म्हटलेलं हवं, नाहीतर त्याचा स्वतःचा हात आणि हेतू दाखवायला हवा.

अमेरिकेत हा उंबरठा फार खाली आहे. तिथे साध्या कर्मचाऱ्याने कामाच्या ओघात, कंपनीच्या फायद्यासाठी गुन्हा केला तरी कंपनी अडकते. नियम १९०९ चा आणि तो आला साखरेतून, म्हणून आपल्या भागातल्या विद्यार्थ्याने तो विसरूच नये. न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेच्या वाहतूक अधिकाऱ्याने एका साखर कंपनीला भाड्यात गुपचूप सूट दिली. रेल्वेला दंड झाला. रेल्वे म्हणाली, आमच्या भागधारकांनी काय केलंय? कोर्ट म्हणालं, नफा घेताना चालतं, मग गुन्हाही तुमचाच. परदेशी बँका आज ज्या धाकाने गुन्हा कबूल करतात त्याच्या मुळाशी शंभरहून अधिक वर्षांपूर्वीचं हे साखरेचं भाडं आहे. ब्रिटनने आता आणखी वेगळी वाट धरली आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून तिथे फसवणूक रोखण्यात कसूर करणं हाच मोठ्या संस्थेचा गुन्हा. आपल्या माणसाने संस्थेच्या फायद्यासाठी फसवणूक केली आणि ती रोखायची वाजवी व्यवस्था संस्थेने केलेली नव्हती, तर झालं. संस्था नोंदलेली कुठल्याही देशात असो, प्रकरणाचा धागा ब्रिटनला लागला पाहिजे.

तुमच्या सरांना माझा नमस्कार सांगा. ‘ना देह ना मन’ हे वाक्य छान आहे, फक्त त्याच्यापुढे २००५ आणि २०१० हे दोन आकडे जोडायला हवेत.

ताई, माझ्या धाकट्या भावाने फॉरेक्स ट्रेडिंगच्या ॲपमध्ये पैसे घातले. महामार्गाच्या भूसंपादनात मिळालेली भरपाई होती. कंपनी म्हणे सायप्रसची, परवानाधारक. ॲपवर आकडा वाढताना दिसत होता. काढायला गेला तर म्हणतात आधी वीस टक्के टॅक्स भरा. पोलिसांकडे गेलो तर, कंपनी परदेशी आहे, आमच्या हद्दीत येत नाही. आता? (कराड तालुका)

तो वीस टक्के ‘टॅक्स’ एक रुपयाही भरू नका. आयकर ॲपवाल्याकडे भरायचा नसतो. हे वाचायच्या आधीच भरला असेल तर तोही तक्रारीत लिहा.

हद्दीचं उत्तर सत्तर वर्षांपूर्वीच मिळालंय. मुबारक अली अहमद विरुद्ध मुंबई राज्य, १९५७. गोव्यातल्या एका व्यापाऱ्याला तांदूळ हवा होता. कराचीत बसलेल्या माणसाने पत्रं, तारा आणि फोनवरून त्याला भुलवलं, मुंबईत आपल्या माणसामार्फत पाच लाखांवर रुपये घेतले, तांदळाचा दाणा पाठवला नाही. आरोपी पाकिस्तानी नागरिक, गुन्ह्याच्या वेळी एक पाऊल भारतात नव्हतं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, फसवणूक पूर्ण झाली मुंबईत, म्हणून गुन्हा मुंबईतला. आरोपी तेव्हा कुठे बसला होता याने फरक पडत नाही. शिक्षा कायम राहिली. तारेच्या जागी व्हॉट्सअ‍ॅप आलं एवढंच.

आजच्या कायद्यात हेच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १९९ व्या कलमात आहे: कृत्य जिथे झालं तिथे किंवा परिणाम जिथे झाला तिथे, दोन्हीकडे खटला चालतो. परदेशात बसून इथल्या गुन्ह्याला चिथावणी देणाऱ्यासाठी भारतीय न्याय संहितेत ४८ वं कलम नव्याने आलंय. आणि १७३ व्या कलमाप्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, पोलिस ठाण्याला माहिती नोंदवून घ्यावीच लागते. ठाणे अंमलदार ऐकत नसतील तर लेखी अर्ज टपालाने पोलिस अधीक्षकांना पाठवा, हीसुद्धा त्याच कलमातली सोय आहे. तोंडी वाद घालू नका. अर्जावर आवक शिक्का घ्या.

त्याआधी मात्र सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकाला फोन. पैसे गेल्यावर जितक्या लवकर कराल तितकं खातं गोठवायची शक्यता जास्त.

आता मला पत्रातलं जे सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते सांगते. तुम्ही धाडलेल्या स्क्रीनशॉटमध्ये पैसे सायप्रसला गेलेलेच नाहीत. युपीआयने गेलेत, दर वेळी वेगळ्या नावाच्या खात्यात, एकदा कुठल्यातरी ‘ट्रेडर्स’ला, एकदा ‘एंटरप्रायझेस’ला. ही भारतातल्या बँकांमधली खाती आहेत. सायप्रसची पाटी दारावर लावलेली, गल्ला मात्र इथेच. अर्जात ‘परदेशी कंपनीने फसवलं’ असं पहिलं वाक्य लिहू नका. पहिल्या वाक्यात ही खाती येऊ द्या: तारीख, रक्कम, युटीआर क्रमांक (बँकेने व्यवहाराला दिलेला नंबर), जमा झालेल्या खात्याचं नाव. हे वाचल्यावर ‘हद्दीत नाही’ म्हणणं कुणालाही जड जातं.

भावाला एक कडू गोष्ट सांगावी लागेल. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये अशा अनधिकृत फॉरेक्स ॲपची यादी जाहीर केली आणि पुढे ती वाढवत नेली. परवानगी नसलेल्या ठिकाणी चलनाचा सट्टा करणं हे फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखाली त्याच्याही अंगाशी येऊ शकतं, दंड गुंतलेल्या रकमेच्या तिप्पटीपर्यंत. म्हणून तक्रार करायचीच नाही असं मात्र मुळीच नाही. फसवला गेलेला माणूस खरं सांगत आला तर त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं जातं. लपवाछपवी केली की दोन्हीकडून जातं.

ताई, विट्याजवळच्या गावात आमचं घर. घरात सगळे सोनं गाळणारे गलाईवाले, कोण कोईमतूरला, कोण कोलकात्याला. एक भाचा तेवढा शिकून लंडनला बँकेत कंप्लायन्समध्ये, म्हणजे नियम पाळले जातात का बघणाऱ्या विभागात, लागलाय. फोनवर म्हणाला, मामी, एका गिऱ्हाइकाचं रोख रकमेचं लक्षण बरं दिसत नाही, वरचे म्हणतात जाऊ दे. उद्या बँकेवर केस झाली तर याला धरतील का? (खानापूर तालुका)

तुमचं घर सोन्याचं, म्हणून सोन्याचाच खटला सांगते. इंग्लंडात ब्रॅडफर्डला सोन्याचा एक व्यापारी होता. खातं उघडताना बँकेला सांगितलं गेलं होतं, वर्षाला दीड कोटी पौंडाची उलाढाल होईल आणि रोकड येणार नाही. प्रत्यक्षात नॅटवेस्टच्या शाखांमध्ये पाच वर्षांत साडेछत्तीस कोटी पौंड आले, त्यातले सव्वीस कोटींवर रोख. नोटा कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांतून यायच्या, पिशव्या फाटायच्या. सोनं गाळणाऱ्या घरातल्या कुणालाही विचारा, वितळवायला आलेल्या सोन्याला इतकी रोकड कुठून? बँकेच्या काही कर्मचाऱ्यांनी शंका कळवलीही होती. डिसेंबर २०२१ मध्ये बँकेला २६.४८ कोटी पौंड दंड झाला. खटला बँकेवर होता, कर्मचाऱ्यांवर नव्हता.

सहसा असंच होतं. २०१२ मध्ये एचएसबीसीने मेक्सिकोच्या अमली पदार्थ टोळ्यांचा पैसा अमेरिकेत शिरू दिल्याबद्दल सुमारे १.९ अब्ज डॉलर भरले, बँकेतल्या एकाही वरिष्ठावर खटला झाला नाही. माझ्या मते या साऱ्या प्रकारातली हीच लाजिरवाणी बाजू आहे. पण खालच्यांवर मात्र होतो, त्यांनी काही घेतलं असेल तर. कॅनडाच्या टीडी बँकेच्या अमेरिकेतल्या शाखांमध्ये एका टोळीने ४७ कोटी डॉलर फिरवले आणि कर्मचाऱ्यांना ५७ हजार डॉलरची गिफ्ट कार्डं वाटली. २०२४ मध्ये बँकेने गुन्हा कबूल करून तीन अब्ज डॉलर भरले. तेव्हा भाच्याला विचारा, दिवाळीला त्या गिऱ्हाइकाकडून काही आलं का? आलं असेल तर लेखी कळवून परत करायचं.

त्याने काय करायचं ते ब्रिटनच्या २००२ च्या कायद्यातच आहे. बँकेत मनी लाँडरिंगची शंका कळवण्यासाठी नेमलेला अधिकारी असतो, त्याला लेखी कळवायचं. ‘वरचे म्हणतात जाऊ दे’ हे तोंडी ऐकून गप्प बसणं तिथे गुन्हा ठरू शकतो. त्या अधिकाऱ्याला कळवलं की भाच्याची जबाबदारी बरीचशी उतरली. आणि दुसरं, रागावू नका: अशी शंका कळवल्यानंतर त्या गिऱ्हाइकाला सुगावा लागेल असं बोलणं हाही तिथे गुन्हा आहे. म्हणून मामीला फोनवर नावगाव सांगायचं नाही. त्याने सांगितलं नाही, तुम्ही मला लिहिलं नाही, हे उत्तम. पुढेही विचारू नका. जेवलास का, एवढंच विचारा.

अमेरिकेचं ठीक आहे हो. आपल्यासारख्या देशाला बड्या परदेशी बँकेवर हात टाकायला जमतं का? शिवाय माझा प्रश्न स्वार्थाचा: मिरजेच्या मिशन हॉस्पिटलातून निवृत्त झाले, पुण्यातल्या एका परदेशी बँकेच्या शाखेत मुदत ठेव आहे. त्या बँकेवर परदेशात खटला चालू असल्याचं वाचलं. ठेव मोडू का? (मिरज)

मलेशियाने टाकला हात. सरकारी निधीतून, म्हणजे वन एमडीबीमधून, अब्जावधी डॉलर गेले. त्या निधीचे रोखे गोल्डमन सॅक्सने विकून दिले होते. डिसेंबर २०१८ मध्ये मलेशियाने त्या बँकेच्या कंपन्यांवरच फौजदारी आरोप ठेवले आणि पुढच्या वर्षी तिच्या सतरा आजी-माजी संचालकांवरही. जुलै २०२० मध्ये तडजोड झाली: अडीच अब्ज डॉलर रोख आणि १.४ अब्जांच्या मालमत्ता वसुलीची हमी. मग आरोप मागे घेतले. पैसे आले हे चांगलं, पण आरोप मागे घ्यायचे ही त्याची किंमत होती, आणि बँकेतलं कोण किती दोषी हे मलेशियाच्या कोर्टात उघड्यावर आलंच नाही. अमेरिकेत त्या बँकेच्या एका माजी अधिकाऱ्याला याच प्रकरणात दहा वर्षांची शिक्षा झाली, म्हणून काही तरी ऐकायला मिळालं. मोठा आकडा छापून आला की लोक खूश होतात, पण तो भरतात भागधारक. फ्रान्समध्ये यूबीएस या स्विस बँकेला २०१९ मध्ये ३.७ अब्ज युरोचा दंड झाला होता, अपिलं करत करत २०२५ मध्ये ते ८३.५ कोटींवर मिटलं. छापलेला आकडा आणि भरलेला आकडा यांची गाठ सहसा पडत नाही.

ठेवीचं. खटला चालू आहे एवढ्यावरून मुदतीआधी मोडून व्याज घालवू नका. परदेशातल्या खटल्याने इथली शाखा बंद पडत नाही. एचएसबीसी आणि बीएनपी दोन्ही आजही भारतात काम करतात. परदेशी बँकेच्या इथल्या शाखेला रिझर्व्ह बँकेचाच परवाना लागतो, आणि तिथल्या ठेवींनाही आपल्या बँकांसारखंच पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, मुद्दल आणि व्याज धरून. तुमची ठेव त्याहून जास्त आहे. मुदत संपली की वरची रक्कम दुसऱ्या बँकेत वळवा, घाई नको. पण पावतीची झेरॉक्स जोडलीत त्यात नॉमिनीपुढे काहीच नाही. नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नावं देता येतात. खटल्याची बातमी राहू दे, आधी पुण्याला एक फेरी मारून तेवढं भरून या.